अकरा वर्षं कोणी पोसायची?



नांदेडहून निजामाबादला जाणारी गाडी मुदखेड, उमरी, धर्माबाद करत तेलंगणात शिरते आणि बासरला गोदावरी ओलांडते. अंतर सारं शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. धर्माबाद-बिलोलीकडच्या लोकांना निजामाबाद परकं नाही. बाजार तिकडचा, दवाखाना तिकडचा, सोयरीकही तिकडची. 1956 पर्यंत तर नांदेड आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते. ऊन तेच, काळी माती तीच, आणि मुलगी वयात आली की घरात सुरू होणारी कुजबुजही तीच.

त्या निजामाबादची निखत जरीन बॉक्सिंगमध्ये दोनदा जगज्जेती झाली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला. त्यांच्या नावाने बोलायला उभी राहताना मला प्रश्न पडला तो असा : निजामाबादला जे घडलं, ते नांदेडला का घडलं नाही? लातूरला का घडलं नाही? मी क्रीडाशिक्षिका आहे. उभी हयात लातूरच्या मैदानांवर गेली. या प्रश्नाला 'आपल्याकडे गुणवत्ता नाही' हे उत्तर मी कधीच मान्य केलेलं नाही.

निखतची कारकीर्द नीट पाहू या. वर्तमानपत्रातून आपल्याला फक्त निकाल कळतो, मधली वर्षं कळत नाहीत.

तिचा जन्म 14 जून 1996 चा. वडील जमील अहमद स्वतः खेळाडू होते. पोरगी आधी धावायची. निजामाबादच्या कलेक्टर ग्राउंडवर सगळ्या खेळांत मुली दिसत, बॉक्सिंगमध्ये मात्र एकही नसे. असं का, हे तिनं वडिलांना विचारलं, आणि तिथून गोष्ट सुरू झाली. शम्सुद्दीन या स्थानिक प्रशिक्षकांनी तिला हातात घेतलं. सरावाला मुली नव्हत्या, म्हणून मुलांशीच लढायची. तोंड सुजवून घरी आली तेव्हा आईचा जीव खालीवर झाला : आता हिच्याशी लग्न कोण करणार? मराठवाड्यातल्या कुठल्याही आईच्या तोंडी शोभेल असा हा प्रश्न आहे, आणि मी त्याला हसत नाही. ज्या समाजात मुलीच्या चेहऱ्यावर तिचं भवितव्य ठरतं, तिथे आईनं हेच विचारायचं असतं. मुलीनं आईला समजावलं ते असं, की एकदा नाव झालं की दारात रांग लागेल.

2011 साली तुर्कस्तानातल्या अंताल्याला ती कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली. वय चौदा. आता पुढची तारीख लक्षात ठेवा : 19 मे 2022. त्या दिवशी इस्तंबूलला थायलंडच्या जितपोंग जुतामासला 5-0 ने हरवून ती वरिष्ठ गटाची, 52 किलोची जगज्जेती झाली. मेरी कोम, सरिता देवी, जेनी आणि लेखा के. सी. यांच्यानंतरची ती पाचवी भारतीय महिला.

या दोन तारखांमध्ये अकरा वर्षं आहेत. माझं आजचं सगळं व्याख्यान त्या अकरा वर्षांबद्दल आहे.

काय होतं त्या वर्षांत? 2017 साली आंतरविद्यापीठ स्पर्धेत तिचा खांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली, हंगाम गेला. ती परत आली तेव्हा तिच्याच वजनात मेरी कोम उभी होती. 2019 मध्ये तिनं निवड चाचणीची मागणी जाहीरपणे केली. समोर देशाचं दैवत, आणि ही विशीतली मुलगी म्हणते, मला लढू द्या. चाचणी झाली, ती हरली, वर टीकाही सोसली. तिला बँक ऑफ इंडियाची नोकरी मिळाली ती 2021 साली. म्हणजे अंताल्यानंतर दहा वर्षांनी! त्याआधी हा संसार मुख्यतः घरानं ओढला. जगज्जेती झाल्यावर तेलंगण सरकारनं दोन कोटी जाहीर केले, 2024 मध्ये पोलिस उपअधीक्षकपद दिलं. चांगलंच झालं. पण बक्षीस फळ लागल्यावर येतं. झाड वाढत असताना पाणी घालणारा वेगळा असतो, आणि इथे तो बाप होता.

आता हा खेळ जवळून कसा असतो तेही सांगते, कारण या सभागृहात बसलेल्या बहुतेकांनी तो टीव्हीवरच पाहिला असेल.

सरावाआधी मुलगी हाताला पट्टी बांधते. पट्टी साडेचार मीटरपर्यंत लांब असते. टोकाच्या फासात अंगठा घालायचा, मनगटाला वेढे द्यायचे, मग बोटांच्या सांध्यांवरून, मग एकेका बोटाच्या बेचक्यातून, पुन्हा मनगटावर. घट्ट झाली तर मुंग्या येतात, सैल राहिली तर अंगठ्याचं हाड जातं. नवी मुलगी ही पट्टी दुसऱ्याकडून बांधून घेते. जिला स्वतःची स्वतः बांधता येते, तिला मी खेळाडू समजायला लागते. त्यावर दहा औंसांचे, म्हणजे पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपासचे ग्लोव्हज. हौशी सामना तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचा. नऊ मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. दुसऱ्या फेरीच्या मध्याला हात खाली येऊ लागतात, आणि हात खाली आला की ठोसा थेट हनुवटीवर. तिथे धैर्य कामाचं नसतं, रक्तातलं लोह कामाचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. माझ्याकडे येणारी खेड्यातली मुलगी दम लागून बसते तेव्हा मी आधी तिचं हिमोग्लोबिन पाहते, मग तिचा जॅबचा ठोसा.

आणि वजन. या खेळातलं सगळ्यात निर्दय काम रिंगमध्ये होत नाही, काट्यावर होतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांचे सहाच गट होते : 50, 54, 57, 60, 66 आणि 75 किलो. निखत 52 ची जगज्जेती; तो गट ऑलिंपिकमध्ये नव्हता. म्हणून तिला 50 मध्ये यावं लागलं. 2023 मध्ये दिल्लीत ती या गटातही जगज्जेती झाली, पण पॅरिसला तिनं वजनासाठी दोन दिवस अन्नपाणी सोडलं होतं, हे तिनंच नंतर सांगितलं. तिथे दुसऱ्याच लढतीत चीनची वू यू समोर आली, अव्वल मानांकित, पुढे त्या गटाचं सुवर्ण जिंकणारी. निखत 0-5 ने हरली. दोन किलोंचा फरक म्हणजे आपल्याकडे दोन किलो साखर. तिथे त्याच्यासाठी माणूस थुंकीसुद्धा गिळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या दोन मुलींची गोष्टही या काट्याचीच आहे. नागपूरची अल्फिया पठाण. वडील पोलिस दलात, गणेश पुरोहित प्रशिक्षक. एप्रिल 2021 मध्ये पोलंडमधल्या किल्त्से शहरात ती 81 किलोवरच्या गटात युवा जगज्जेती झाली. अंतिम लढतीत मोल्दोव्हाची मुलगी 5-0 ने हरली. पुढच्याच वर्षी एलोर्डा चषकात तिनं कझाकस्तानच्या लज्जत कुंगेइबायेवाला, 2016 च्या वरिष्ठ जगज्जेतीला, तिच्याच देशात हरवलं. आणि एवढं करून अल्फियाच्या गटाला ना आशियाई स्पर्धेत जागा, ना ऑलिंपिकमध्ये. तिच्या अंगकाठीच्या मुलीनं जायचं कुठे? पुण्याची देविका घोरपडे 2022 साली स्पेनमध्ये 52 किलोत युवा जगज्जेती झाली. तिच्यापुढेही तोच पेच होता : पन्नासमध्ये उतरायचं की चोपन्नमध्ये चढायचं. मुलीनं जग जिंकायचं आणि मग कोष्टकात आपलं घर शोधत फिरायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

इथे कोणी म्हणेल, मग पैशाच्या लढती लढाव्यात. ऑलिंपिकचं कोष्टक नको, प्रवर्तक आणि तिकीट विक्री यांवर चालणारं बॉक्सिंग. जगात हा मार्ग आता खुला झाला आहे. एप्रिल 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयर्लंडची केटी टेलर आणि पोर्तो रिकोची अमांडा सेरानो यांची लढत रात्रीची मुख्य लढत होती. त्या सभागृहात महिलांना हा मान पहिल्यांदाच मिळाला. दोघींचं मानधन दहा लाख डॉलरच्या पुढे असल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेची क्लॅरेसा शील्ड्स 75 किलोची दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन या बाजूला आली आणि चढत चढत हेवीवेट जगज्जेती झाली. अल्फियासारख्या मुलींसाठी ही वाट कागदावर तरी आहे.

आपल्या देशात ती वाट कुठवर जाते ते सरिता देवीनं पाहिलं. 2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत निर्णयावर रडत रडत पदक परत करणारी तीच सरिता. जानेवारी 2017 मध्ये इंफाळला तिनं व्यावसायिक पदार्पण केलं. हंगेरीची प्रतिस्पर्धी, घरचे प्रेक्षक, विजय. मग? पुढे नियमित लढती नव्हत्या, प्रायोजक नव्हते. ती पुन्हा हौशी गटात आली आणि 2018 च्या दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेत उतरली. मणिपूर पोलिसांची नोकरी होती म्हणून तिचं घर चाललं. व्यावसायिक सामन्यात महिलांना साधारणपणे दोन-दोन मिनिटांच्या जास्तीत जास्त दहा फेऱ्या असतात, डोक्यावर हेडगार्ड नसतं. मेंदूला बसणारा मार साठत जातो. दर सामन्याआधी डॉक्टरी तपासणी, विमा, करार वाचून दाखवणारा वकील, यांतलं काही नसताना एखाद्या मुलीला 'प्रोफेशनल हो' म्हणून सांगणं हे मी पाप समजते.

आपल्या मुलखात लढून पोट भरणारी बाई नव्हतीच असं मात्र नाही. हमीदा बानू. 1950 च्या दशकात तिनं पुरुष मल्लांना आव्हानं दिली. 1954 मध्ये बडोद्यात बाबा पहिलवानाला तिनं एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केलं. कोल्हापुरात तिनं पुरुषाला हरवलं तेव्हा लोकांनी दगड मारले, पोलिस बोलवावे लागले. पुण्यातली एक लढत रद्द करावी लागली. तिचं उत्तरायुष्य कल्याणला गेलं. तिथे ती दूध विकायची, रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकायची. जिच्यासाठी तिकिटं खपली, तिच्या म्हातारपणासाठी कोणाच्याही वहीत खातं नव्हतं.

आता आपल्या घरात येऊ.

मराठवाड्याला लढतीचं वावडं नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हिंदकेसरी झाले. लातूर जिल्ह्याच्याच काका पवारांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हे घडलं कारण फड ही पैशाची व्यवस्था होती. नारळापासून सुरुवात, मग दहा रुपये, शंभर, हजार, शेवटची मानाची कुस्ती. पोराला गावातून खुराक मिळायचा, वस्ताद तालमीत ठेवून घ्यायचा, जत्रेच्या इनामावर महिना निघायचा. मुलगा पहिलवान होण्याआधीच समाज त्याच्यावर खर्च करत होता. मुलीसाठी हा फड बंद होता. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीला झाली ती 2023 साली, प्रतीक्षा बागडी जिंकली. पुरुषांच्या स्पर्धेनंतर साठ-बासष्ट वर्षांनी.

दुसरी गोष्ट आपल्या लातूरची. सगळा महाराष्ट्र ज्याला लातूर पॅटर्न म्हणतो, तो काय आहे? खेड्यातून मूल उचलायचं, शहरात खोली घ्यायची, आईनं डबा करायचा, रोज चाचणी, दर आठवड्याला चुकांची उजळणी, आणि बापानं शेत गहाण पडलं तरी फी भरायची. जनार्दन वाघमारे सरांनी राजर्षी शाहू महाविद्यालयातून या शिस्तीला आकार दिला, आणि तेच पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. लातूरचा रिंग रोड असो की नांदेडचं शिकवणीचं जग, संध्याकाळी सायकली आणि स्कूटींवरून लोंढ्यानं फिरणाऱ्या मुली पाहा. या मुलींना मेहनत शिकवावी लागत नाही. त्यांच्या आईबापांना त्यागही शिकवावा लागत नाही. बॉक्सरला लागतं ते हेच सगळं : दिनक्रम, वसतिगृह, आहार, मोजमाप, दर आठवड्याला आपल्या चुकीशी तोंडातोंड. आपण हे यंत्र उभं करून बसलो आहोत. फरक एवढाच की नीटच्या परीक्षेसाठी आपण दोन वर्षं मोजतो, आणि बॉक्सिंग दहा-अकरा मागतं.

म्हणून आपल्याकडे काय होतं ते मी अनेकदा पाहिलं. मुलगी आठवी-नववीत बॉक्सिंगला येते. जिल्हास्तरावर तिच्या वजनात दुसरी मुलगीच नसते. जोड नाही, म्हणून न लढता पदक. विभागातही कधी कधी तेच. पहिला खरा ठोसा ती राज्य स्पर्धेत खाते, समोर अकोल्याची किंवा पुण्याची, रोज लढून तयार झालेली पोरगी. पहिल्या फेरीत पंच मोजायला लागतात. घरी येते ती प्रमाणपत्र घेऊन. त्यावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त पंचवीस. बारावीचा निकाल लागला की ग्लोव्हज खुंटीला. मी त्या मुलीला दोष देत नाही. पंचवीस गुण ही आपण तिला दिलेली एकमेव हमी होती. तिनं ती घेतली आणि ती निघाली. हमी अठराव्या वर्षी संपते, आणि बॉक्सरची खरी घडण अठराव्या वर्षी सुरू होते. त्याच वयात लग्नाचीही बोलणी सुरू होतात. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर पाच स्त्रियांमागे एकीहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं. माझ्या मते या मुलखात मुलीच्या खेळाला सगळ्यात मोठा अडथळा भीतीचा नाही, अब्रूचाही नाही. अठरा ते पंचवीस ही सात वर्षं तिनं काय खायचं याचं उत्तर कोणाकडे नाही, हा आहे.

उत्तर जिथे मिळालं तिथे मुली टिकल्या. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली, 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून तिला पगार सुरू झाला. नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकते. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर तिरंगा तिच्या हातात होता. मुखेड तालुक्यातली बाई! जिल्ह्यानं तो दिवस दिवाळीसारखा साजरा करायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

मग आज मागायचं काय? पुतळे, सत्कार, रोख धनादेशाचे मोठे फलक मी मागत नाही. तीन साध्या गोष्टी आहेत. नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे. महिला बॉक्सिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं रेल्वेचा संघ वरचढ राहिला तो याच कारणानं, की रेल्वे खेळाडूला विशीच्या आत-बाहेर नोकरी देते आणि शिबिराला रजा देते. आपल्या मुलींना त्या भरतीपर्यंत पोचवणारं, अर्ज भरण्यापासून चाचणीच्या तयारीपर्यंत बघणारं कोणीतरी या शहरात पाहिजे. शिकवणीवाले हे काम डोळे मिटून करू शकतात. दुसरं, विद्यापीठानं नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या मुली महिन्यातून एकदा एका रिंगमध्ये आणाव्यात. पदक नको, निवड नको, फक्त जोड मिळू द्या. जोडीशिवाय बॉक्सर तयार होत नाही, आरशापुढे नाचणारी मुलगी तयार होते.

तिसरी मागणी यात्रा समित्यांना आहे. कुस्तीच्या फडाशेजारी मुलींच्या बॉक्सिंगचं रिंग लावा आणि इनाम लावा. नारळाची लढत लावा, पाचशेची लावा, गावच्या पाटलाच्या नावाची लावा. डॉक्टर हजर ठेवा, हेडगार्डशिवाय कोणाला आत सोडू नका. लोक बघायला येतील. मुलीनं जत्रेत लढून मिळवलेले पाचशे रुपये घरी बापाच्या हातावर ठेवले, की त्या घरातलं तिच्या लग्नाचं बोलणं वर्षभर तरी पुढे जातं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मुली हातात पैसे घेऊन घरी गेल्यावर काय बदलतं, ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि या सभागृहात जे डॉक्टर, व्यापारी, शिकवणीचे संचालक बसले आहेत, त्यांच्यासाठी हिशेब. दोन वर्षांच्या एका शिकवणीची फी लाखाच्या पुढे जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेवढ्यात एका मुलीचा वर्षभराचा खुराक, बूट, पट्ट्या, राज्य स्पर्धेचा प्रवास बऱ्यापैकी भागतो. एका घरानं एका मुलीला सात वर्षांचा शब्द द्यायचा. तिनं पदक आणलंच पाहिजे अशी अट घालायची नाही. ती पडेल, खांदा निखळेल, एखादं वर्ष घरी बसेल, तेव्हाही शब्द मोडायचा नाही. ज्यांना हे करायचं आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला इथेच भेटावं. कोणत्या मुलींना आधार लागेल, त्यांची यादी माझ्याजवळ आहे.